सही नसलेले पत्रक : १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीची हकीकत

मतदानाच्या आदल्या रात्री दाराच्या फटीतून आत सरकवलेला कागद आपल्याकडच्या गावांना नवा नाही. निवडणूक नगरपालिकेची असो, बाजार समितीची असो की एखाद्या सोसायटीची. लढत चुरशीची झाली की असा कागद हमखास येतो. त्यावर सही नसते. एखाद्या उमेदवाराच्या घरातली, नात्यातली किंवा माजघरातली गोष्ट त्यात तिखटमीठ लावून सांगितलेली असते. सकाळी पारावर आणि चहाच्या दुकानात लोक तो कागद एकमेकांना दाखवतात, 'छे, हे बरे नव्हे' असेही म्हणतात, आणि पुन्हा एकदा वाचतात.

ही खोड लहान निवडणुकांची, अशिक्षित मतदारांची, गल्लीतल्या भांडणांची आहे, अशी एक समजूत शिकलेल्या माणसांत असते. आम्हांला ती खोटी वाटते, आणि ती का खोटी वाटते हे दाखविण्यासाठी आम्ही अशी एक निवडणूक निवडली आहे की जिच्यात मतदार होते फक्त संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य. पद होते देशातले सर्वोच्च. साल १९६९. भारताच्या राष्ट्रपतिपदासाठी इतकी अटीतटीची लढत त्यापूर्वी झाली नव्हती आणि त्यानंतरही झालेली नाही. या लढतीत सही नसलेला असाच एक कागद थेट संसदेच्या सेंट्रल हॉलपर्यंत पोहोचला.

उदगीरच्या श्रोत्यांना ह्या हकीकतीत परकेपणा वाटण्याचे कारण नाही. १९५६ पर्यंत आपला तालुका हैदराबाद संस्थानाच्या, पुढे हैदराबाद राज्याच्या, बिदर जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि उदगीर उस्मानाबाद जिल्ह्यात गेले. त्याच दिवशी, ज्या हैदराबादेचा आपण निरोप घेतला त्याच शहरात, आंध्र प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री म्हणून नीलम संजीव रेड्डी ह्यांनी शपथ घेतली. आजच्या हकीकतीतला ज्याच्यावर चिखल उडाला तो गृहस्थ हाच.

आधी प्रसंग समजून घेऊ. ३ मे १९६९ ला राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन पदावर असतानाच वारले. उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. काँग्रेस पक्षात त्या वेळी दोन तट पडले होते. एका बाजूला पंतप्रधान इंदिरा गांधी, दुसऱ्या बाजूला 'सिंडिकेट' ह्या नावाने ओळखली जाणारी जुनी मातबर मंडळी. जुलैमध्ये बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक झाली. कामराज, मोरारजी देसाई, स. का. पाटील आणि यशवंतराव चव्हाण ह्या चौघांनी लोकसभेचे सभापती संजीव रेड्डी ह्यांचे नाव उचलून धरले. इंदिरा गांधी आणि फक्रुद्दीन अली अहमद ह्यांना जगजीवनराम हवे होते. रेड्डींचे नाव ठरले. ह्या चौघांत दोघे मराठी होते, आणि त्यांतले यशवंतराव पुढे पक्ष फुटल्यावर इंदिरा गांधींच्याच बाजूला राहिले. पण ती वेगळी कथा आहे.

त्यानंतर घटना भराभर घडल्या. १६ जुलैला मोरारजींकडून अर्थखाते काढून घेतले गेले. १९ जुलैला चौदा मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्यावर सही होती हंगामी राष्ट्रपती गिरी ह्यांची. दुसऱ्या दिवशी गिरींनी पद सोडले, कारण ते स्वतःच अपक्ष उमेदवार म्हणून उभे राहणार होते. उपराष्ट्रपतीही नाही आणि राष्ट्रपतीही नाही, अशा वेळी सरन्यायाधीशांनी ती जागा सांभाळायची असते. सरन्यायाधीश होते मोहम्मद हिदायतुल्ला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, नागपुरात वकिली केलेले आणि तिथल्याच उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झालेले. तेव्हा ह्या साऱ्या धुमश्चक्रीत राष्ट्रपतिभवनात बसलेला माणूस आपल्या नागपूरचा होता, हे जाता जाता नोंदवून ठेवायला हरकत नाही.

उमेदवारी-अर्जावर रेड्डींचे नाव सुचविणारी सही खुद्द इंदिरा गांधींची होती. पुढे जे झाले ते पाहता ही गोष्ट लक्षात ठेवावी.

रिंगणात एकूण पंधरा उमेदवार होते. त्या काळच्या कायद्याप्रमाणे एक सूचक आणि एक अनुमोदक मिळाला की कोणालाही उभे राहता येई. अनामत रक्कमही नव्हती. पंधरांतल्या पाचांना एकही मत पडले नाही. पंधरांत एक पांडुरंग नाथुजी राजभोज होते, बाबासाहेब आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे एके काळचे सरचिटणीस. पण खरी लढत तिघांची होती : गिरी, रेड्डी आणि तिसरे चिंतामणराव देशमुख.

ह्या तिसऱ्या माणसापाशी थोडे थांबणे भाग आहे. त्या वेळच्या प्रचारात त्यांना फार कोणी थांबून पाहिले नाही, आणि आमच्या मते सारी गोम तिथेच आहे.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख ह्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, रायगडाच्या पायथ्याच्या मुलखात महाडजवळ नाते ह्या गावी. आय.सी.एस. परीक्षेत ते पहिले आले. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले; त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. त्याच सुमारास त्यांनी मेघदूताचा मराठी अनुवाद केला. १९५० ते १९५६ ते भारताचे अर्थमंत्री होते. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला नाकारली गेली तेव्हा त्यांनी मंत्रिपद सोडले. नुसते सोडले नाही, तर लोकसभेत उभे राहून निर्णय कसा घेतला गेला ह्याबद्दल पंतप्रधानांना आणि मुंबईतल्या गोळीबाराबद्दल मुंबई सरकारला जाब विचारला. मुंबईचे मुख्यमंत्री तेव्हा मोरारजी देसाई होते. पुढे ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

१९६९ मध्ये त्यांना स्वतंत्र पक्षाने आणि जनसंघाने पाठिंबा दिला. तेवढ्याने त्यांची ओळख ठरली : 'उजव्यांचा उमेदवार', 'प्रतिगाम्यांचा उमेदवार', 'बँकवाल्यांचा माणूस'. तो उन्हाळाच असा होता की बँक ह्या शब्दावर राजकारण चालले होते. बँका सरकारने घेतल्या त्याच्या आनंदात दिल्लीत मिरवणुका निघत होत्या आणि जो तिकडे नाही तो सावकारांचा, असा हिशेब लोक मांडीत होते.

आता कागदपत्रे काय सांगतात? १९५५ मध्ये इंपीरियल बँक ऑफ इंडिया सरकारी मालकीखाली येऊन तिची स्टेट बँक झाली, तेव्हा अर्थमंत्री चिंतामणराव होते. जानेवारी १९५६ मध्ये देशातल्या साऱ्या आयुर्विमा कंपन्या एका वटहुकमाने सरकारच्या ताब्यात आल्या, तेव्हाही अर्थमंत्री तेच होते, आणि तो निर्णय देशाला त्यांनीच आकाशवाणीवरून सांगितला. म्हणजे चौदा बँकांच्या आधी तेरा-चौदा वर्षे देशातली सर्वांत मोठी बँक आणि सगळा आयुर्विम्याचा धंदा ज्याच्या हातून सरकारकडे आला, तो मनुष्य १९६९ मध्ये राष्ट्रीयीकरणाच्या शत्रूंच्या रांगेत उभा केला गेला. कशावरून? त्याच्या शेजारी कोण उभे आहे एवढ्यावरून.

गिरींची बाजूही सांगितली पाहिजे. नाहीतर ही वकिली होईल. गिरी हे नामांकित कामगार पुढारी. १९५४ मध्ये ते केंद्रात श्रममंत्री होते. बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराबाबत न्यायाधिकरणाने दिलेला निवाडा सरकारने बदलला, तेव्हा त्यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. अर्थमंत्री तेव्हा चिंतामणराव होते. बँकेत काम करणाऱ्या कारकुनाला १९६९ मध्ये गिरी जवळचे आणि देशमुख दूरचे वाटले असतील तर त्याला हे कारण पुरेसे होते, आणि ते कारण खरे होते. अशा कारणाने विरोध करणे ह्याला आम्ही चिखलफेक म्हणत नाही. सरकारी खुर्चीवर बसून एखाद्याने जे केले ते काढून दाखविणे हा मतदाराचा हक्क आहे. रेड्डींच्याविरुद्धही असे काढण्यासारखे होते. १९६४ मध्ये कर्नूल जिल्ह्यातल्या बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या कारभाराविषयी प्रतिकूल उल्लेख केले, आणि त्यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. हे उघड होते, छापील होते, कोणालाही वाचता येण्यासारखे होते. विरोधकांना आग लावायची होती तर सरपण उघड्यावर रचलेले होते. तरीही अंधारातल्या कागदाची गरज कोणाला तरी भासली.

पण त्या कागदाच्या आधी उजेडात जे चालले होते ते पाहू. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो. पहिल्या पसंतीत कोणाला निम्म्याहून अधिक मतमूल्य मिळाले नाही, तर तळाचे उमेदवार एकेक करून बाद होतात आणि त्यांच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे उरलेल्यांत वाटल्या जातात. तेव्हा आपला उमेदवार तिसरा येणार हे ज्यांना माहीत आहे त्यांच्याकडे जाऊन 'दुसरी पसंती आम्हांला द्या' असे म्हणणे हा ह्या पद्धतीचाच भाग आहे. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा ह्यांनी हेच केले. ते जनसंघाच्या आणि स्वतंत्र पक्षाच्या पुढाऱ्यांना भेटले आणि देशमुखांच्या मतदारांची दुसरी पसंती रेड्डींसाठी मागितली.

ही भेट खरी होती. ती कोणी नाकारली नाही. तिचे वर्णन मात्र दोन तऱ्हांनी झाले. निजलिंगप्पांच्या बाजूने ती मतांची साधी विनवणी होती. समोरच्या बाजूने ती इंदिरा गांधींना पदच्युत करण्यासाठी प्रतिगाम्यांशी केलेली गुप्त सोयरीक ठरली. जगजीवनराम आणि फक्रुद्दीन अली अहमद ह्यांनी निजलिंगप्पांना पत्र लिहून भेटीचा खुलासा मागितला आणि आता सदस्यांना मोकळेपणाने मत देऊ द्यावे अशी मागणी केली. पक्षाध्यक्षांना हवा असलेला पक्षादेश काढायला इंदिरा गांधींनी नकार दिला. मतदानाच्या तोंडावर, ज्यांच्या अर्जावर आपली सही आहे त्या उमेदवाराचे नाव न घेता, प्रत्येकाने आपल्या सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावे असे त्यांनी सांगितले. हिंदीत त्याला 'अंतरात्म्याचा आवाज' म्हणाले, आणि तो शब्द राजकारणात असा रुजला की पुढे कोणी पक्ष सोडला की आधी अंतरात्मा बोलू लागे.

आमच्या मते ह्या निवडणुकीतले सर्वांत परिणामकारक हत्यार हे होते. खोटे काहीच सांगायचे नाही. एक खरी गोष्ट घ्यायची, तिच्यावर एक शब्द चिकटवायचा, आणि तो शब्दच इतक्या वेळा उच्चारायचा की गोष्ट बाजूला राहून शब्द उरावा. देशमुखांच्या बाबतीत तेच झाले, निजलिंगप्पांच्या भेटीच्या बाबतीत तेच झाले. देशमुखांवरील शिक्का आणि रेड्डींवरील आरोप हे एकाच साखळीचे दोन दुवे होते : देशमुख प्रतिगामी, देशमुखांच्या पाठिराख्यांकडे रेड्डींचे पाठिराखे गेले, म्हणून रेड्डीही तेच. ही साखळी पुरी व्हायची तर पहिला दुवा पक्का हवा होता. स्टेट बँक आणि आयुर्विमा कोणी आठवून दिला असता तर तो दुवाच निखळला असता.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ते पत्रक आले. काही प्रती चक्रमुद्रित, काही छापील. संसद-सदस्यांना टपालाने गेले आणि सेंट्रल हॉलमध्ये हातोहात वाटले गेले, अशी तक्रार पुढे न्यायालयात झाली. सेंट्रल हॉल म्हणजे घटना समिती जिथे बसली ते सभागृह; अधिवेशनाच्या दिवसांत सदस्य तिथे चहा-कॉफी घेत गप्पा मारीत. पत्रकात रेड्डींच्या खाजगी चारित्र्याविषयी अत्यंत घाणेरडे आरोप होते. न्यायालयाच्या कामकाजात तो मजकूर नोंदला गेला आहे. आम्ही त्यातले एकही वाक्य येथे देणार नाही. ज्याने ते लिहिले त्याचे काम पन्नास वर्षांनी आपण उदगिरात पुढे चालवावे असे आम्हांला वाटत नाही.

असे प्रकार फक्त आपल्याकडे होतात असेही नव्हे. अमेरिकेत १८८४ साली ग्रोव्हर क्लीव्हलंड आणि जेम्स ब्लेन ह्यांच्यात राष्ट्राध्यक्षपदाची लढत झाली. क्लीव्हलंड ह्यांना लग्नाबाहेरचे मूल आहे अशी ओरड विरोधकांनी केली, त्यावर गाणी रचली. क्लीव्हलंड ह्यांनी आपल्या माणसांना खरे तेच सांगा म्हणून कळविले आणि जबाबदारी नाकारली नाही. दुसऱ्या बाजूला, निवडणुकीच्या आठवडाभर आधी ब्लेन ह्यांच्या सभेत त्यांच्याच एका पाठिराख्या पाद्र्याने प्रतिपक्षाला दारू, रोमन धर्मपीठ आणि बंडखोरी ह्यांचा पक्ष म्हटले. ब्लेन समोर बसून होते. त्यांनी हरकत घेतली नाही. आयरिश कॅथॉलिक मतदार बिथरले. न्यूयॉर्क राज्य ब्लेन ह्यांनी हजार-अकराशे मतांनी गमावले आणि त्याबरोबर राष्ट्राध्यक्षपदही. चुरशीच्या लढतीत एक वाक्य किती महाग पडते ह्याचा हा दाखला अमेरिकन लोक अजून देतात. पण तिथे लाखो मतदार होते, आणि बोलणारा सर्वांना दिसत होता.

आता आपल्या निवडणुकीची मोजणी. मतदान १६ ऑगस्टला झाले, निकाल २० ऑगस्टला लागला. एका खासदाराच्या मताचे मूल्य तेव्हा ५७६ होते. आमदाराचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येप्रमाणे बदले, महाराष्ट्राच्या आमदाराचे १४६. वैध मतांचे एकूण मूल्य ८,३६,३३७ भरले. निवडून येण्यास ४,१८,१६९ हवे होते. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मिळाले. बाकीच्या सर्वांचे मिळून साडेआठ हजार. राजभोजांना ८३१ मिळाले. गिरी आघाडीवर, पण निवडून आलेले नाहीत, १६,६५४ कमी.

येथे सारी नाडी देशमुखांच्या मतपत्रिकांवर आली. तळचे तेरा उमेदवार बाद होऊन त्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पसंत्या वाटल्या गेल्या तेव्हा रेड्डींना आणखी ९१,८७९ मिळाले आणि गिरींना १८,५६२. शेवटचा आकडा : गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. फरक १४,६५०. वाटायला निघालेल्या मूल्यापैकी दर शंभरांत सुमारे ७६ रेड्डींकडे गेले. त्यांना ८६ हवे होते. म्हणजे निजलिंगप्पांची ती बदनाम भेट अगदी वाया गेली नव्हती. पण जवळजवळ अकरा हजार मूल्याच्या मतपत्रिकांवर ह्या दोघांपैकी कोणालाच पुढची पसंती नव्हती. त्या वाया गेल्या.

श्रोत्यांनी हा हिशेब घरी करून पाहावा. गिरींना मत दिलेल्यांपैकी फक्त तेरा खासदार जर रेड्डींकडे वळते, तर ७,४८८ मूल्य एका पारड्यातून उठून दुसऱ्यात पडले असते आणि रेड्डी तीनशे-सव्वातीनशेंनी पुढे गेले असते. तेरा माणसे! सेंट्रल हॉलच्या एका कोपऱ्यातल्या दोन टेबलांभोवती तेवढी बसत असतील. कोट्यवधी लोकांच्या देशाचा राष्ट्रपती कोण हे एवढ्या माणसांवर येऊन ठेपले असताना, त्या सभागृहात एक घाणेरडा कागद फिरत होता.

म्हणून प्रकरण न्यायालयात गेले, आणि जावयासच हवे होते. राष्ट्रपतीच्या निवडणुकीविषयीचा वाद घटनेप्रमाणे सर्वोच्च न्यायालयच ऐकते. चार अर्ज आले. अर्जदारांत संसद-सदस्यही होते. न्यायमूर्ती सिक्री ह्यांच्या अध्यक्षतेखाली पाच न्यायमूर्तींचे पीठ बसले. खुद्द राष्ट्रपती गिरी साक्षीसाठी न्यायालयात आले. पदावर असताना न्यायालयापुढे साक्ष देणारे ते पहिले राष्ट्रपती. घरी बसून जबानी देण्याची सवलत त्यांना घेता आली असती. ती त्यांनी घेतली नाही, हे त्यांच्या नावे जमा केले पाहिजे. खासदारांच्या साक्षी झाल्या : कोणाला पत्रक मिळाले, कोणी कोणाच्या हातात पाहिले, कोण काय म्हणाले. एका साक्षीदाराचा खरेखोटेपणा तपासण्यासाठी ध्वनिमुद्रित संभाषण पुराव्यात घ्यावे की नाही ह्यावरही युक्तिवाद झाला आणि न्यायालयाने ते घेऊ दिले. ध्वनिफितीच्या पुराव्याची चर्चा निघाली की वकील मंडळी अजून त्या निर्णयाचा हवाला देतात.

कायद्याचा मुख्य पेच मात्र वेगळाच होता. सामान्य निवडणुकीत, म्हणजे आमदार-खासदारांच्या निवडणुकीत, उमेदवाराच्या खाजगी चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटे विधान पसरविणे हा भ्रष्टाचार मानलेला आहे आणि तो सिद्ध झाला तर निवडणूक रद्द होऊ शकते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात तशी तरतूद आहे. राष्ट्रपतीच्या निवडणुकीचा कायदा १९५२ चा. त्यात लाच आणि गैरवाजवी दबाव एवढेच दोन गुन्हे निवडणूक रद्द होण्याजोगे म्हणून सांगितलेले होते. खोट्या बदनामीचे नाव नाही. कायदा करणाऱ्यांना बहुधा असे वाटले असावे की इतक्या मोठ्या पदासाठी, इतक्या मोठ्या माणसांत, असे काही व्हायचे नाही. उदगीरचा आमदार खोट्या पत्रकामुळे पद गमावू शकतो, राष्ट्रपती नाही, असा हा प्रकार.

तेव्हा अर्जदारांच्या वकिलांना म्हणावे लागले की ही बदनामी म्हणजेच गैरवाजवी दबाव. प्रतिपक्षाने म्हटले, दंडविधानात खोट्या विधानाचे कलम वेगळे आहे आणि त्याला शिक्षा फक्त दंडाची; दबावाचे कलम वेगळे. न्यायमूर्तींत ह्या मुद्द्यावर एकमत झाले नाही. बहुमताचा कल असा की बदनामी अशा थराला जाऊ शकते की ती मतदाराच्या मोकळ्या निवडीत ढवळाढवळ ठरेल. पण त्या पत्रकामागे गिरींचा हात किंवा त्यांची मूक संमती होती हे सिद्ध झाले नाही, आणि निवडणूक रद्द करण्याजोगा दुसरा पुरावाही न्यायालयाला आढळला नाही. १४ सप्टेंबर १९७० च्या सविस्तर निकालपत्राने अर्ज फेटाळल्याची कारणे दिली.

निकाल योग्य होता असेच आम्हांला वाटते. मत गुप्त असते. त्या तेरा माणसांनी, ती कोणतीही असोत, पत्रक वाचून मत दिले की बँकांकडे पाहून, की पंतप्रधानांकडे पाहून, हे कोणते न्यायालय शोधणार? आणि आमचा स्वतःचा तर्क असा की पत्रकाने फार मते फिरविली नसावीत. ज्याला पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध जायचे होते त्याला कारण आधीच मिळालेले होते. अंतरात्म्याच्या नावाने ते राजरोस दिलेलेही होते. पत्रकाने त्याच्या मनाची बोच तेवढी कमी केली असेल. न्यायालयाला हात घालता आला तो ह्या कागदाला. 'प्रतिगामी' ह्या शब्दाला कोणत्याही कलमाखाली हात घालता येत नाही, आणि येऊही नये. तसा कायदा झाला तर सभेत तोंड उघडायची सोय राहणार नाही.

कायद्यात सुधारणा झाली ती भलत्याच बाजूने. १९७४ मध्ये ठरले की राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराला दहा सूचक आणि दहा अनुमोदक हवेत, अडीच हजारांची अनामत हवी, आणि निवडणुकीला आव्हान द्यायचे तर उमेदवाराने किंवा किमान वीस मतदारांनी द्यावे. १९९७ मध्ये सूचक-अनुमोदक पन्नास-पन्नास झाले आणि अनामत पंधरा हजार. हौशी उमेदवार थांबले. निनावी पत्रकाचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

काँग्रेस त्याच वर्षी नोव्हेंबरात फुटली. गिरी १९७४ पर्यंत राष्ट्रपती होते. १९७५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले आणि त्याच वर्षी चिंतामणरावांना पद्मविभूषण. रेड्डी निवडणूक हरल्यावर काही वर्षे अनंतपूर जिल्ह्यात आपली शेती पाहत राहिले. १९७७ मध्ये जनता पक्षाचे राज्य आले आणि राष्ट्रपतिपदासाठी पुन्हा त्यांचे नाव निघाले. सदतीस अर्ज आले होते. छत्तीस छाननीत बाद झाले. ज्याच्याविषयी सेंट्रल हॉलमध्ये तो कागद फिरला होता तो मनुष्य मतदानच न होता राष्ट्रपती झाला, आणि २५ जुलै १९७७ ला त्याने शपथ घेतली ती त्याच सेंट्रल हॉलमध्ये. ह्या वेळी काँग्रेसनेही त्याच्याविरुद्ध कोणाला उभे केले नाही.

चिंतामणराव अखेरच्या काळात पत्नी दुर्गाबाई ह्यांच्यासह हैदराबादेत राहिले. २ ऑक्टोबर १९८२ ला ते तिथेच वारले. रेड्डी आपली मुदत पुरी करून राष्ट्रपतिभवनातून बाहेर पडले त्याला तेव्हा दोन महिने आणि काही दिवस झाले होते.